बिनधोकपणाचा दावा आयुर्वेदाचा नाही

शिंका थांबेनात, अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या, सांधे सुजले, की सल्ला ठरलेला असतो: हळदीचे दूध घ्या, गुळवेलीचा काढा घ्या, प्रतिकारशक्ती वाढवा, आयुर्वेदिकच आहे, अपाय होणार नाही. करोनाच्या साथीपासून हा समज घरोघरी पक्का झाला आहे. त्यात तीन विधाने गृहीत आहेत: ॲलर्जी प्रतिकारशक्ती कमी पडल्याने होते, एकच वनस्पती सगळ्यांना चालते आणि आयुर्वेदिक औषध बाधत नाही. तिन्ही विधाने चुकीची आहेत. त्यातली शेवटची दोन खोडायला तर आयुर्वेदाच्या संहिताच पुरेशा आहेत.

पहिल्या विधानाचा विचार आधुनिक शास्त्राने करू. परागकण, धुळीतले सूक्ष्म कीटक, कोळंबी यांपासून बहुतेकांना धोका नसतो. ॲलर्जी असलेल्याचे शरीर मात्र त्यांना शत्रू ठरवून आयजीई प्रतिपिंडे तयार करते. मग पेशींतून हिस्टामिन सुटते आणि खाज, सूज, शिंका सुरू होतात. इथे शक्ती कमी पडलेली नाही, ती भलत्यावर चालून गेली आहे. ती आणखी वाढवून काय साधणार? 2021 मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या 6 रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. ही इजा स्वप्रतिकारक आजारासारखी, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर चालून गेल्यासारखी होती. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली की वनस्पतीची ओळखच नीट पटवलेली नव्हती. ही हरकत मान्य केली, तरी कुंपणावरची वेल ओळख न पटवता रोज उकळून पिण्याचे समर्थन कसे होईल?

आता दुसरे विधान. संहितांत उपचार सगळ्यांना एकच नाही, तो कारण आणि रोगी पाहून ठरतो. चरकाने तमकश्वासाचे, म्हणजे दम्यासारख्या विकाराचे वर्णन केले आहे: घशात घुरघुर, आडवे पडल्यावर वाढणारा आणि उठून बसल्यावर हलका होणारा त्रास, ढगाळ हवेत व गारठ्यात होणारी वाढ. श्वासरोगाच्या कारणांत धूळ, धूर, वारा आणि थंड जागा सांगितल्या आहेत. माधवनिदान या ग्रंथात शीतपित्ताचे, म्हणजे अंगावर गांधी उठण्याचे कारण गार वारा असे दिले आहे, आणि त्या गांधी गांधीलमाशीच्या दंशासारख्या दिसतात असे म्हटले आहे. कारण शोधण्यावर एवढा भर आहे, तो यासाठी की सुश्रुताच्या मते कारण टाळणे हेच चिकित्सेचे सार आहे. त्यानंतर रोग्याची परीक्षा येते. चरक प्रकृती, सात्म्य (काय मानवते), पचनशक्ती, वय अशा दहा बाबी तपासायला सांगतो, आणि शोधन (शरीरशुद्धीचा उपचार) द्यायचे तर रोग्याचे बळ पाहून. शीतपित्तावरच्या हरिद्राखंड या औषधातही एकटी हळद नाही. त्यात निशोत्तर, तूप, दूध आणि भरपूर साखर असते. मधुमेही माणसाला तो न विचारता कसा द्यायचा?

तिसरे विधान सर्वांत घातक. पिंपळी, क्षार आणि मीठ यांचा अतिरेक करू नये, असे चरकसंहितेच्या विमानस्थान या भागात स्पष्ट सांगितले आहे. आपल्या काढ्यांत मात्र पिंपळी वर्षभर पडते. बिब्बा रसायनांत गणला जातो, पण तो उतला की अंगावर फोड येतात हे खेड्यातली आजीही जाणते. चुकीचा योग झाला तर औषधच विष ठरते, असा इशारा चरकाने दिला आहे. बाजारातल्या मालाची गत याहून गंभीर आहे. 2004 मध्ये अमेरिकेतील बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या 70 आयुर्वेदिक उत्पादनांच्या तपासणीत 14 मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले.

मग आयुर्वेद निरुपयोगी आहे का? असा निष्कर्ष काढणे हीसुद्धा तितकीच मोठी चूक होईल. अडुळशातल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरून कफ पातळ करणारे ब्रोमहेक्सिन तयार झाले. हळदीतल्या कुरकुमिनचा सूज कमी करणारा गुण प्रयोगशाळेत दिसला आहे. पण हळदीत त्याचे प्रमाण साधारण 3 टक्केच असते आणि पोटातून ते फार कमी शोषले जाते. म्हणून प्रयोगशाळेतला गुण चमचाभर हळदीच्या माथी मारता येत नाही. तो माणसांवरच्या चाचण्यांत सिद्ध व्हायला हवा. परंपरेने सुचवावे आणि परीक्षेने ठरवावे, यात परंपरेचा अपमान नाही. वादाचे नियम विमानस्थानात शिकवणाऱ्या चरकाचा वारसा हाच आहे.

ॲलर्जीने घसा सुजला, श्वास अडकला, रक्तदाब उतरला, तर ॲड्रेनलिनचे इंजेक्शन आणि रुग्णालय यांना पर्याय नाही. दम्याचा इनहेलरही स्वतःच्या मनाने बंद करू नये. रोग साध्य की असाध्य हे आधी ओळखा, असे वैद्याला बजावणारे शास्त्र आपल्या मर्यादा जाणते. म्हणून औषध घेताना वैद्याला विचारा: मला हा त्रास कशाने होतो, या पुडीत काय आहे, किती दिवस घ्यायची आणि केव्हा थांबवायची? याची उत्तरे मिळत नसतील, तर ती पुडी आयुर्वेदाच्या नावाने मिळाली तरी घेऊ नका.