आयटीआयच्या कागदाला कॉलेजचं दार

वांगणीहून आम्ही बोलतोय. आज विषय आहे दाखल्यांचा. ट्रंकेत, गादीखाली, देवघराच्या मागे पिशवीत गुंडाळून ठेवलेल्या कागदांचा.

सुरुवात आमच्याच चुकीपासून करतो. एका गटाच्या बैठकीत एका ताईंनी अंतर्गत कर्जाचा अर्ज ठेवला. कारण लिहिलं होतं, मुलीचा अकरावी प्रवेश. मुलगी तर अठरा वर्षांची, दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियनचा ट्रेड करून नुकतीच पास झालेली. ताई म्हणाल्या, "एका ठिकाणी चौकशी केली. ते म्हणाले, आयटीआय म्हणजे शेवटी दहावीच. पुढं शिकायचं तर अकरावीपासून सुरू करा." आम्ही सहयोगिनी, चार बुकं शिकलेल्या, पण आम्हीही मान हलवली. कर्ज मंजूर करायला निघालोच होतो. तेवढ्यात कोपऱ्यातल्या काकूंनी विचारलं, "मग दोन वर्षं पोरगी तिथं काय करत होती?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. मुलीचे मामा तर स्थळ बघायला लागलेच होते. अजून दोन वर्षं अकरावी-बारावीत घालवायची म्हटलं तर घरात कोण थांबणार होतं? म्हणून आम्ही कर्ज थांबवलं आणि माहिती काढायला लागलो. जे हाती लागलं ते आज सांगतो.

हातानं काम करणाऱ्याचं शिक्षण एकीकडे आणि पुस्तक वाचणाऱ्याचं दुसरीकडे, ही वाटणी आपल्याकडे फार जुनी. सुताराचा मुलगा बापाच्या हाताखाली शिकायचा, त्याला कुणी सनद देत नव्हतं. पण गंमत बघा, आज ज्या कॉलेजात प्रवेश मिळाला की गावात पेढे वाटतात, त्या पुण्याच्या अभियांत्रिकी कॉलेजची सुरुवात कशी झाली? 1854 साली तिथं एक साधा वर्ग निघाला. रस्ते, पूल, इमारती बांधणाऱ्या सरकारी खात्याला हाताखालची माणसं हवी होती, म्हणून. 1857 साली मुंबई विद्यापीठ स्थापन झालं आणि पुढं काही वर्षांत हा वर्ग त्याला जोडला गेला. मग तिथून पदवीधर इंजिनिअर बाहेर पडायला लागले. सर विश्वेश्वरय्या तिथेच शिकले. म्हणजे कामाच्या वर्गाला विद्यापीठ जोडता येतं, हे दीडशे वर्षांपूर्वीच करून झालेलं आहे.

पुढं 1887 साली मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली, आपण जिला व्हीजेटीआय म्हणतो ती. गिरण्यांना माणसं हवी होती, हे तिचं मोठं कारण.

या सगळ्यात बायका कुठं होत्या? त्यांच्यासाठी दार उघडलं ते दुसऱ्या बाजूनं. 1909 साली पुण्यात सेवासदन सुरू झालं. रमाबाई रानडे त्याच्या प्रमुख. त्यांनी मुलींना आणि विधवा बायकांना ससून रुग्णालयात परिचारिकेचं शिक्षण घ्यायला पाठवलं. परक्या माणसांची सेवा करायची, रात्री घराबाहेर राहायचं, म्हणून लोकांनी नावं ठेवली. पण त्या बायकांच्या हातात परीक्षा देऊन मिळवलेला कागद आला आणि त्या कागदावर पगार मिळाला. आज परिचारिकांच्या शिक्षणात एएनएम झालेली मुलगी जीएनएम करू शकते आणि जीएनएम झालेली पुढं दोन वर्षांत बी.एस्सी. नर्सिंग करू शकते. पायरीवर पायरी. कारखान्याच्या कामाला अशा पायऱ्या लवकर बांधल्या गेल्या नाहीत, याचं आम्हाला राहून राहून नवल वाटतं.

आता आपल्या भागाकडे येऊ. दुसरं महायुद्ध चालू होतं तेव्हा, 1942 ते 1946 या काळात, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. युद्धासाठी कारागीर शिकवून तयार करण्याचं काम त्यांच्याच खात्याकडे होतं. जुलै 1945 मध्ये सैन्यातून सुटणाऱ्या जवानांना पुन्हा कामाला लावण्यासाठी एक महासंचालनालय उभं राहिलं. नोकरी मिळवून द्यायची आणि त्यासाठी कसब शिकवायचं, हे त्याचं काम. दोन वर्षांत फाळणी झाली. सिंधमधून आलेली हजारो कुटुंबं कल्याणजवळच्या लष्करी बराकींत उतरली, आणि 1949 साली त्या छावणीला नाव मिळालं उल्हासनगर. जवानांसाठी काढलेली शिकवणीची सोय निर्वासितांसाठीही खुली झाली. घर गेलं, दुकान गेलं, शाळेचे दाखले सीमेपलीकडे राहिले, अशा माणसाला सहा महिने-वर्षात पोटापाण्याचं काही शिकवायचं होतं. कॉलेजचा विचार तिथं कुणाला सुचणार?

1950 साली याच सोयीतून देशभर कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली. आपली आयटीआय ती हीच. 1956 मध्ये ती चालवण्याचं काम राज्यांकडे आलं. म्हणजे आयटीआयचा जन्म शिक्षण खात्याच्या घरात झालाच नाही, मजूर खात्याच्या घरात झाला. शाळा-कॉलेजचा कारभार एका खात्याकडे, ट्रेडचा दुसऱ्याकडे, परीक्षा वेगळ्या, प्रमाणपत्रं वेगळी. काकूंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथं आहे. पोरीनं दोन वर्षं काम केलं होतं, अभ्यासही केला होता, पण तो ज्या वहीत लिहिला गेला ती वही कॉलेजवाले उघडत नव्हते.

त्या वेळी त्याचं कुणाला फारसं वाटलं नाही, कारण कामं होती. अंबरनाथला काडेपेटीचा विमको कारखाना 1920च्या दशकापासून होता. स्वातंत्र्यानंतर संरक्षण खात्याचे कारखाने आले, शहाडला रेयॉन आलं, मग एमआयडीसी. 1961 साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला आणि कारखान्यांवर उमेदवार घेण्याचं बंधन आलं. आपल्या घरातल्या किती सासऱ्यांनी 'अप्रेंटिस' केली म्हणून सांगितलंय! आयटीआय, मग अप्रेंटिस, मग कायम. तीन पावलांत आयुष्य मार्गी लागायचं. पण ती वाट मुलांची होती. आणि कायम होण्याचे दिवस सरले तशी मुलांचीही अडचण झाली. वीस वर्षं मशीनवर काढलेला माणूस सुपरवायझरच्या जागेला अर्ज करायचा आणि तिथं विचारायचे, डिप्लोमा आहे का?

दार उघडलं ते हळूहळू. आपल्या राज्यात दहावीनंतर दोन वर्षांचा योग्य ट्रेड केलेल्या मुलामुलींना पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्या पदवीलाही थेट दुसऱ्या वर्षात. ज्यांना पदवी हवी पण इंजिनिअरिंग नको, त्यांच्यासाठी दहावीनंतरचा दोन वर्षांचा ट्रेड आणि ठरलेले भाषाविषय पास केले की बारावीची समकक्षता मिळण्याची सोय आहे. मग बी.ए., बी.कॉम. करता येतं. आमच्यातल्या काही जणी लग्नानंतर मुक्त विद्यापीठातूनच बी.ए. झाल्या, तसंच.

बैठकीत आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. आयटीआय दोन वर्षं, डिप्लोमाची उरलेली दोन, पदवीची उरलेली तीन. दहावीनंतर सात वर्षं. अकरावी-बारावी करून सरळ इंजिनिअरिंगला गेली असती तर सहा. म्हणजे एकच वर्ष जास्त, आणि मध्ये कुठंही थांबली तरी हातात कागद आहे, कमाई आहे. उलट आयटीआय करून पुन्हा अकरावीला बसवली असती तर आठ. ताई कितीतरी वेळ फळ्याकडे बघत होत्या.

आपल्या स्टेशनवरचे मयूर शेळके आठवतात ना? एप्रिल 2021 मध्ये रुळावर पडलेल्या लेकराला वाचवणारे. ते पॉइंट्समन. गाडीनं एका रुळावरून दुसऱ्यावर जायचं तर सांधा बदलावा लागतो, आणि तो बदलणारं माणूस लागतं. नियम कागदावर असतात, पण आमच्या ताईंना ते सांगणारं कुणी भेटलं नव्हतं. आम्हीसुद्धा नाही.

सरकारनंही पुढं काही पावलं टाकली. 27 डिसेंबर 2013 ला कौशल्यांची राष्ट्रीय पातळीरचना जाहीर झाली, म्हणजे कुठला कोर्स कितव्या पायरीचा हे ठरलं. 2023 मध्ये श्रेयांकांची राष्ट्रीय चौकट आली. तीस तासांच्या शिक्षणाला एक श्रेयांक, मग ते वर्गातलं असो की वर्कशॉपमधलं, असा तिचा हिशेब. आपल्या बचत खात्यासारखंच, तास जमा होत राहतात. कागदावर छान आहे. प्रत्यक्षात कॉलेजच्या खिडकीवर बसलेल्या माणसाला हे माहीत असेलच असं नाही, म्हणून त्या वर्षीची प्रवेशाची माहितीपुस्तिका हातात घेऊनच जावं. कुठला ट्रेड कुठल्या शाखेला चालतो, गुण किती लागतात, हे त्यात असतं.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवणार नाही. थेट दुसऱ्या वर्षात गेलेल्या मुलांचा डिप्लोमाचा पहिल्या वर्षाचा गणिताचा अभ्यास झालेला नसतो. हात चालतो, पण आकडे अडवतात. दार उघडलं म्हणून उंबरठा गेला नाही.

आणि शिवणाच्या, ब्युटीपार्लरच्या क्लासेसचे रंगीत दाखले. भिंतीवर शोभतात, पण त्यावर कुठल्या मान्य परिषदेचं वा मंडळाचं नाव आहे ते पैसे भरण्याआधी बघा. नसेल तर शिकलेलं वाया जात नाही, पण त्या कागदावर पुढची पायरी चढता येणार नाही. आमच्या गटातल्या तिघींकडे असे कागद निघाले.

त्या ताईंच्या अर्जावरचं 'अकरावी' आम्ही खोडलं आणि 'डिप्लोमा, थेट दुसरं वर्ष' असं लिहिलं. काकूंनी सूचक म्हणून सही केली. मुलगी आता रोज सकाळच्या लोकलनं कॉलेजला जाते. पहिल्या सत्रात तिचा एक विषय राहिला, सर्किटचा. त्यात गणितच जास्त. गटातल्या एका वहिनींचा भाऊ बी.एस्सी. झालेला आहे, तो संध्याकाळी समाजमंदिरात तिला शिकवतो. आता आणखी दोन मुली तिथं येऊन बसायला लागल्या आहेत. फेरपरीक्षा जवळ आली आहे, आणि मामांना सध्या थांबायला सांगितलंय.