आधी उद्देश सांगा

प्रयोगवहीतील पहिली ओळ 'उद्देश' ही असते. विद्यार्थी ती फळ्यावरून उतरवून घेतात आणि विसरून जातात. प्रयोगशाळेत बरीच वर्षे काढल्यावर मात्र आम्हांला वाटू लागले आहे, की अनेकांनी मिळून करायच्या कामात याच ओळीला सर्वांत जास्त महत्त्व आहे. याचे एक बोलके उदाहरण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घडले.

१९४३ साली अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात, लॉस अलामोस येथे अणुबाँब तयार करण्यासाठी गुप्त प्रयोगशाळा उभी राहिली. प्रकल्पाचे लष्करी प्रमुख जनरल ग्रोव्हज यांचे धोरण असे, की प्रत्येकाला त्याच्या कामापुरतेच कळावे. प्रयोगशाळेचे संचालक रॉबर्ट ओपेनहायमर यांना हे पटत नव्हते. एकमेकांशी मोकळेपणी बोलल्याखेरीज अडचणी सुटत नाहीत, हे ते जाणून होते. त्यांच्या आग्रहामुळे शास्त्रज्ञांच्या साप्ताहिक सभा सुरू झाल्या. पण ही सवलत शास्त्रज्ञांपुरतीच होती.

प्लुटोनियमचा गोळा भोवतालच्या स्फोटकांनी सर्व बाजूंनी एकदम दाबला तर काय होईल, हे आधी गणिताने ताडून पाहायचे होते. आजच्यासारखे संगणक तेव्हा नव्हते. आकडेमोड होई ती भोके पाडलेल्या कार्डांवर चालणाऱ्या आयबीएम यंत्रांनी. ही यंत्रे चालवायला लष्कराने शाळा संपवून आलेली हुशार मुले भरती करून पाठवली. त्यांना काय सांगितले होते? काहीच नाही. कार्डे घालायची, यंत्र फिरवायचे, आलेले आकडे पुढे द्यायचे. नऊ महिन्यांत या गटाकडून तीन गणिते पुरी झाली.

पुढे या गटाची जबाबदारी रिचर्ड फाइनमन या पंचविशीतल्या भौतिकशास्त्रज्ञाकडे आली. या मुलांना आपण काय करतो आहोत ते कळले पाहिजे, असा आग्रह त्यांनी धरला. ओपेनहायमर यांनी सुरक्षा विभागाकडून परवानगी मिळवली आणि फाइनमन यांनी मुलांना सगळे समजावून सांगितले. त्यानंतरच्या तीन महिन्यांत नऊ गणिते झाली. हे आकडे फाइनमन यांनीच आपल्या आठवणींत दिले आहेत.

हा फरक केवळ उत्साहाचा नव्हता. उद्देश ठाऊक नसलेला माणूस सूचना पाळू शकतो, पण चूक झाली तर ती किती गंभीर आहे, हे त्याला ठरवता येत नाही. आता मुले स्वतःच युक्त्या काढू लागली. एखाद्या कार्डातील चुकीचा परिणाम सुरुवातीला शेजारच्या थोड्याच कार्डांवर होतो, हे त्यांच्या लक्षात आले. मग सगळे गणित पुन्हा करण्याऐवजी तेवढ्याच कार्डांचा वेगळ्या रंगाचा छोटा गठ्ठा करून ते तो मागून वेगाने फिरवीत आणि मूळ गठ्ठ्याला गाठीत. रात्रपाळीत त्यांच्यावर देखरेखही लागेनाशी झाली.

गोष्ट इथे संपवली असती, तर ती व्यवस्थापनाच्या पुस्तकात शोभली असती. पण ज्या पद्धतीच्या बाँबसाठी ही आकडेमोड चालली होती, तो ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर पडला. कामाचा वेग वाढवणारे ज्ञान काम योग्य आहे की नाही, हे आपोआप सांगत नाही.

ते विचारावे लागते. याच प्रयोगशाळेतील जोसेफ रॉटब्लॅट यांनी ते विचारले. जर्मनी बाँब बनवील या भीतीने ते प्रकल्पात आले होते. जर्मनीने तो प्रयत्न सोडून दिल्याचे कळताच, १९४४ च्या अखेरीस ते प्रकल्प सोडून गेले. पुढे अण्वस्त्रांविरुद्ध त्यांनी आयुष्यभर काम केले. १९९५ साली पग्वॉश परिषदांबरोबर त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आपण वर्गात प्रकल्प देतो, तेव्हा चार्ट कोणी रंगवायचा, मोजमापे कोणी घ्यायची, हे चटकन वाटून टाकतो. त्याआधी एक तास उद्देशासाठी ठेवून पाहावा. त्या तासाला एखादी मुलगी उठून, "पण सर, हे करायचंच कशाला?" असे विचारील. तिला खाली बसवू नये. आम्हां संशोधकांच्या बैठकांतही हा प्रश्न फार थोडे जण विचारतात.