आरशाची धाकटी पाती

धारवाडच्या मंगल कार्यालयात अक्षता पडत असताना छायाचित्रकाराला लेन्सला दिसतं तेच, आणि त्याच क्षणी, दिसावं लागतं. एसएलआरचा, म्हणजे लेन्समागच्या आरशातून चित्र दाखवणाऱ्या कॅमेऱ्यांचा, सगळा वंश याच गरजेतून वाढला. 1861 साली इंग्लंडच्या टॉमस सटन यांनी लेन्समागे आरसा बसवायचं पेटंट घेतलं. 1936 च्या किने एक्झाक्टानं तो आरसा 35 मिमी फिल्मच्या कॅमेऱ्यात आणला, पण चित्र वाकून बघावं लागे, आणि तेही डावं-उजवं उलटं. 1949 च्या कॉन्टॅक्स एसमधल्या पंचकोनी प्रिझमनं ते सुलटं केलं. 1954 च्या असाहिफ्लेक्समध्ये फोटो निघताच आरसा आपोआप खाली यायला लागला.

डिजिटल एसएलआर सुरुवातीला सामान्यांच्या खिशाबाहेरच होते. 2003 मध्ये कॅननचा 300डी 899 डॉलरला आला, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली. त्यात काचेच्या प्रिझमऐवजी हलके आरसे होते आणि बाहेरून प्लास्टिक.

माझा जीव मात्र 2006 च्या निकॉन डी40 वर आहे. त्यातून फोकसची मोटर काढली म्हणून लोकांनी नाकं मुरडली. पण त्याच काटकसरीत एक वरदान मिळालं. निकॉनच्या बऱ्याच बॉडींच्या कडेला असलेली खिट्टी जुन्या लेन्सच्या कडीला अडते, कधी मोडतेही. डी40 मध्ये ती खिट्टीच नाही. म्हणून 1959 पासूनच्या कितीतरी लेन्स त्यावर बिनधोक बसतात. मीटर चालत नाही, फोकस हातानं करावा लागतो. पण फोकस जमला की व्ह्यूफाइंडरमध्ये हिरवा ठिपका उजळतो. आजोबांच्या कपाटातली लेन्स वापरात आणणारा याहून सोयीचा कॅमेरा मला माहीत नाही.

निकॉनच्याच 2018 च्या डी3500 ची बॉडी नुसती 365 ग्रॅमची, आणि एका चार्जमध्ये सुमारे 1550 फोटो. डोळ्यापर्यंत चित्र आरसाच पोचवतो, त्याला वीज लागत नाही, हे त्यामागचं मोठं कारण. मुहूर्तापासून वरातीपर्यंत एक बॅटरी पुरते ती यामुळेच. 2022 पर्यंत त्याचं उत्पादन थांबलं. आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांनी बाजार घेतला.

आरशाचा एक दोष मात्र मान्य करायलाच हवा: तो वाजतो. सवाई गंधर्वांच्या कुंदगोळात, नाडगीर वाड्यातल्या मैफलीत, विलंबित ख्यालात ती खटखट गाणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला सारखीच टोचते. तिथं आरशाचा कॅमेरा नेणाऱ्यानं आलापीत बोट आवरावं, द्रुत सुरू झाल्यावर हवे तेवढे फोटो काढावेत.