नाईलचा काठ आणि उल्हासचे खोरे
इजिप्तची स्मारके व बौद्ध लेणी यांच्या संबंधाचा एक विचार

गेल्या वर्षावासात उल्हासनगर कॅम्प नं. ३ मधील एका विहारात रविवारचा पालि वर्ग संपल्यावर एका विद्यार्थ्याने आमच्यापुढे एक पुस्तिका ठेवली. इजिप्तचे पिरॅमिड हे मूळचे बौद्ध स्तूप होत, असे तीत मोठ्या आवेशाने प्रतिपादन केले होते. “सर, हे खरे आहे का?” एवढाच त्याचा प्रश्न होता. त्याच्या स्वरात जिज्ञासेपेक्षा आशा अधिक होती, हे आमच्या लक्षात आले. ज्या समाजाचा इतिहास शतकानुशतके झाकून ठेवण्यात आला, त्या समाजातील तरुणाला असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु स्वाभाविक वाटणे आणि सत्य असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्या तरुणाला ‘नाही’ एवढे उत्तर देऊन आम्हांस समाधान झाले नाही. इजिप्त आणि आपले बौद्ध पूर्वज यांचा काही संबंध होता काय, आणि असल्यास तो कोणत्या स्वरूपाचा होता, हे पुराव्यानिशी मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

पिरॅमिड आणि स्तूप

प्रथम कालक्रम पाहू. सक्कारा येथील राजा जोसेर याचा पायऱ्यांचा पिरॅमिड इ.स.पू. सत्ताविसाव्या शतकातील असून त्याच्या रचनेचे श्रेय इम्होतेप यास दिले जाते. गिझा येथील खुफूचा महापिरॅमिड इ.स.पू. सव्विसाव्या शतकातील आहे. त्याची मूळ उंची सुमारे १४६ मीटर होती व त्यात सुमारे २३ लाख शिलाखंड वापरले गेले, असा अंदाज आहे. तथागतांचा काळ याच्या सुमारे दोन हजार वर्षांनंतरचा. तेव्हा पिरॅमिड हा बौद्ध स्तूप असणे कालदृष्ट्या अशक्य आहे.

तथापि केवळ कालक्रमाने हा विषय संपत नाही. दोन्ही वास्तूंच्या मागील कल्पनाही परस्परांपासून फार दूरच्या आहेत. इजिप्तच्या पुराणकथेत ओसिरिस या राजदेवतेचा वध त्याचा भाऊ सेथ करतो. त्याची पत्नी इसिस त्याचे विखुरलेले अवयव शोधून एकत्र जुळविते. ओसिरिस परलोकाचा राजा होतो आणि त्याचा पुत्र होरस इहलोकीचे राज्य मिळवितो. जिवंत राजा म्हणजे होरस व मृत राजा म्हणजे ओसिरिस, ही श्रद्धा तेथील राजपदाचा पाया होती. म्हणूनच देह अखंड राहिला पाहिजे, तो कुजता कामा नये, त्यासाठी ममी, शवपेटिका, आणि त्यांच्यावर दगडांचा पर्वत!

याच्या उलट स्तूपाचे आहे. महापरिनिब्बान सुत्तानुसार तथागतांच्या देहाचे दहन झाले, आणि उरलेल्या अस्थींचे द्रोण ब्राह्मणाने आठ भाग करून ते आठ ठिकाणी दिले. इसिसने विखुरलेले जुळविले, तर येथे जुळलेले वाटून दिले गेले. एका परंपरेने अनित्यतेशी झुंज घेतली, दुसरीने ती मान्य करून तिच्यातून आदराचे स्थान निर्माण केले.

हा भेद डोळ्यांनी पाहावयाचा असेल तर दोन उत्खननांची तुलना करावी. १९२२ मध्ये तुतनखामेनची कबर उघडली गेली. तिच्यात एकात एक अशा तीन मानवाकृती शवपेटिका होत्या. सर्वांत आतील पेटिका सुमारे ११० किलो सोन्याची होती, आणि तिच्यात सुवर्णमुखवटा घातलेला राजाचा देह होता. त्याच्या चाळीस वर्षे अगोदर, १८८२ मध्ये, पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी आपल्या सोपाऱ्याचा स्तूप उकरला. तेथेही एका दगडी पेटीत तांबे, चांदी, दगड, स्फटिक व सोने यांचे करंडक एकात एक ठेवलेले सापडले. सोन्याच्या करंडकाच्या आत मात्र होते मातीच्या भिक्षापात्राचे लहानलहान तुकडे. सोने दोन्हीकडे आहे. परंतु एकीकडे ते राजदेहासाठी आहे, तर दुसरीकडे भिक्षूच्या फुटक्या पात्रासाठी. स्तूप आणि पिरॅमिड यांतील अंतर याहून स्पष्टपणे सांगता येणार नाही.

डोंगर कोरणारे हात

पिरॅमिडपेक्षा आपल्या लेण्यांना अधिक जवळची अशी इजिप्तची वास्तू म्हणजे तेथील शैलकृत कबरी व मंदिरे. बेनी हसन येथे इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकाच्या आरंभीच्या प्रांताधिपतींच्या कबरी डोंगरकड्यात कोरल्या आहेत. त्यांतील काही स्तंभ उभ्या पन्हाळींनी नटलेले आहेत. अबू सिंबेल येथे दुसऱ्या रामसेस राजाने इ.स.पू. तेराव्या शतकात अखंड खडकात मंदिर खोदविले. त्याच्या दर्शनी भागी राजाचेच सुमारे वीस मीटर उंचीचे चार आसनस्थ पुतळे आहेत. आस्वानच्या धरणामुळे ते पाण्याखाली जाणार होते. तेव्हा १९६४ ते १९६८ या काळात ते कापून उंचावर पुन्हा उभारण्यात आले.

आता आपल्या उल्हास नदीच्या उगमाकडे वळू. राजमाचीच्या पायथ्याशी, कर्जतजवळ, कोंडाण्याचे लेणे आहे. तेथील चैत्यगृह प्राचीन लेण्यांपैकी एक असून लाकडी बांधणीचे अनुकरण त्यात जागोजागी दिसते. इजिप्तच्या शिल्पींनीही पपायरसच्या मोळ्या व कमळाच्या कळ्या यांची रूपे दगडी स्तंभांना दिली. नाशवंत साहित्यातील ओळखीचा आकार दगडात उतरवणे, ही दोन्हीकडील कारागिरांची समान वृत्ती होय. मात्र यावरून एकाने दुसऱ्याचे अनुकरण केले असे म्हणता येत नाही. आधी लाकडात, बोरूत वा गवतात बांधणारे लोक दगडाकडे वळले की असे घडते.

कोंडाण्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागाशी, एका भग्न मूर्तीजवळ एक छोटा लेख आहे. कान्हाचा अंतेवासी बलक याने हे केले, असा त्याचा आशय. ‘अंतेवासी’ हा शब्द पालीत धम्माचे शिक्षण घेणाऱ्या शिष्यासाठी जसा येतो, तसाच शिल्प शिकणाऱ्या शिष्यासाठीही येतो. बलक भिक्षू असो वा शिल्पी, दोन हजार वर्षांपूर्वी या खोऱ्यातील एक माणूस आपल्या गुरूचे नाव घेऊन आपले काम सांगतो आहे.

इजिप्तचे कारागीर अगदीच निनावी होते, असा समज करून घेऊ नये. राजांच्या कबरी कोरणाऱ्यांची वसाहत देर अल-मदिना येथे उजेडात आली असून तेथील अनेकांची नावे ज्ञात आहेत. तिसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीच्या २९ व्या वर्षी धान्याचा शिधा थकल्यामुळे या कामगारांनी काम बंद ठेवले. त्याची नोंद एका पपायरसवर असून हा इतिहासाला ज्ञात असलेला आद्य संप मानला जातो. गिझाच्या परिसरातही पिरॅमिड बांधणाऱ्यांची वस्ती, भटारखाने व कबरी सापडल्या आहेत. त्यामुळे साखळदंडांतील गुलामांनी पिरॅमिड बांधले ही जुनी समजूत आता अभ्यासक स्वीकारीत नाहीत. परंतु तेथे स्मारकाचा दर्शनी भाग राजाच्या नावाचा आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात मात्र दर्शनी भागावर व स्तंभांवर धेनुकाकटचा सुतार सामी, गंधी सिंहदत्त आणि ‘यवन’ म्हणविणारे अनेक दाते यांची नावे आहेत. कान्हेरीच्या लेखांत कल्याणचे व्यापारी, सोनार व लोहार भेटतात. एका राजाची अमरता नव्हे, तर अनेकांच्या दानांची बेरीज, हे लेण्यांचे खरे बांधकाम होय.

अंधार आणि उजेड

इजिप्तचे मंदिर ही सृष्टीच्या उत्पत्तीची प्रतिमा होती. प्रवेशद्वारापाशी दोन भव्य बुरूज, त्यांच्या आत मोकळे अंगण, पुढे स्तंभांनी दाटलेला मंडप व शेवटी गाभारा. कर्नाकच्या मंडपात १३४ स्तंभ आहेत. ते आदिजलातून उगवलेल्या वनस्पतींचे प्रतीक. आत जावे तशी जमीन चढत जाते, छत उतरत येते, उजेड मंदावतो, आणि गाभाऱ्यात केवळ राजा व पुरोहितच जाऊ शकतात. अबू सिंबेलच्या गाभाऱ्यात वर्षातून दोनदाच सूर्यकिरण पोहोचतात. चैत्यगृहातील भव्य गवाक्ष उलट कार्य करते. ते प्रतिदिनी प्रकाश आत घेऊन थेट स्तूपाकडे नेते, आणि स्तूपाभोवतीचा प्रदक्षिणापथ उपासकांसाठी मोकळा असतो. वास्तूची ही भाषा ज्याला वाचता येते, त्याला दोन धर्मदृष्टींतील भेद निराळा सांगावा लागत नाही.

समुद्रमार्ग

मग संबंध काहीच नव्हता काय? होता, आणि तो आपल्या दारातून जात होता. सम्राट अशोकाच्या तेराव्या शिलालेखात धम्मविजयाच्या संदर्भात ‘तुरमय’ या राजाचा उल्लेख येतो. हा इजिप्तचा दुसरा टॉलेमी होय. त्याच राजाने तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर बेरेनिके हे बंदर वसविले व त्यास आपल्या मातेचे नाव दिले. त्याने डायोनिसियस नावाचा माणूस भारतात पाठविल्याचे रोमन लेखक प्लिनी सांगतो. सोपाऱ्यास अशोकाच्या आठव्या व नवव्या शिलालेखांचे तुकडे मिळाले आहेत. तेरावा तेथे मिळालेला नाही. तसेच अशोकाचे धम्मदूत इजिप्तला पोहोचल्याची इजिप्तमधील नोंद उपलब्ध नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे.

पालि वाङ्मयाचा आधार घेतानाही अशीच दक्षता हवी. ‘अलसंद’ हा शब्द दिसताच इजिप्तचे अलेक्झांड्रिया समजण्याचा मोह होतो. मिलिंदपञ्हात राजा मिलिंद आपले जन्मस्थान अलसंद सांगतो, पण ते सागल नगरीपासून २०० योजने असल्याचे तेथेच म्हटले आहे; ते वायव्येकडील अलेक्झांड्रिया मानणेच सयुक्तिक होय. महावंसातील योन महाधम्मरक्खित थेरांचे अलसंदही बहुधा तेच. मात्र मिलिंदपञ्हातच नौकास्वामी वंग, चीन, सोवीर, सुरट्ठ, सुवण्णभूमी इत्यादी ठिकाणी जातो अशी जी यादी आहे, तीतील अलसंद हे बंदर आहे, आणि तेथे इजिप्तचे अलेक्झांड्रिया अभिप्रेत असण्याचा संभव मोठा आहे. एकाच ग्रंथातील एकाच शब्दाचे असे दोन अर्थ संभवतात.

इ.स. पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीक नाविकाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात सोपारा व कल्याण यांची नावे आहेत. कल्याणच्या बंदरात येणाऱ्या ग्रीक जहाजांना पहाऱ्यात भडोचला नेले जात असे, अशी तक्रारही तो करतो. पुढे सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाचा कॉस्मस कल्याणचा एक मोठी व्यापारपेठ म्हणून उल्लेख करतो. आज उल्हासनगरहून कल्याणला जाणाऱ्या माणसाला आपण एका प्राचीन जागतिक बंदराकडे चाललो आहोत, याची जाणीव क्वचितच असते.

बेरेनिकेचा तथागत

या मार्गाच्या दुसऱ्या टोकावर काय सापडले? बेरेनिके येथील सेरापिसच्या मंदिराच्या आवारात भारतीय बनावटीच्या रांजणात साडेसात किलोंहून अधिक काळी मिरी मिळाली. आणि २०२२ मध्ये पोलिश-अमेरिकन पथकाला तेथीलच इसिसच्या मंदिराच्या प्रांगणात भ. बुद्धांची संगमरवरी मूर्ती सापडली. २०२३ मध्ये हा शोध जाहीर झाला. मूर्ती ७१ सेंटीमीटर उंच असून तथागत उभे आहेत. डाव्या हाती चीवराचा भाग धरलेला आहे, शेजारी कमलपुष्प आहे, आणि मस्तकामागील प्रभामंडलावर सूर्यकिरण कोरलेले आहेत. दगड भूमध्य समुद्राच्या परिसरातील आहे, म्हणजे मूर्ती भारतातून नेलेली नाही. ती त्या प्रदेशातच घडविली गेली. त्याच मंदिरात फिलिप या रोमन सम्राटाच्या काळातील, म्हणजे इ.स. २४४ ते २४९ मधील, संस्कृत शिलालेख मिळाला, आणि सातवाहनांची दोन नाणीही मिळाली.

इजिप्तच्या पुराणकथेत आदिजलावर कमळ उमलते आणि त्यातून सूर्य जन्मतो. इसिसच्या अंगणात उभ्या असलेल्या या मूर्तीकडे पाहताना स्थानिक उपासकाला कमळ व किरणे आपल्याच परिचयाची वाटली असतील, आणि सागर ओलांडून आलेल्या उपासकाने त्याच चिन्हांत बोधीचा प्रकाश पाहिला असेल. हे आमचे अनुमान आहे, पुरावा नव्हे. मात्र पुराव्याने एवढे निश्चित सिद्ध होते की परक्या देवतेच्या मंदिरात तथागतांना सन्मानाने जागा मिळाली, आणि त्यासाठी कोणाचे मंदिर पाडावे लागले नाही.

उपसंहार

म्हणून त्या तरुणाला आम्ही सांगितले ते असे. पिरॅमिड स्तूप नाहीत. अलेक्झांड्रियाजवळ राहणारे ‘थेराप्युते’ म्हणजे थेरवादी, हेही सिद्ध झालेले नाही. त्या नावाचा उलगडा सेवा वा उपचार या अर्थाच्या ग्रीक शब्दाने होतो. परंतु आपल्या नदीच्या मुखाशी असलेल्या बंदरांतून इजिप्तपर्यंत मार्ग होता, आणि त्या किनाऱ्यावर तथागतांची मूर्ती उभी होती. हे सत्य पुस्तिकेतील कल्पनेपेक्षा लहान नाही.

पूज्य बाबासाहेबांनी १९४८ मध्ये अस्पृश्यांच्या मूळ शोधावरील आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत पुरावा व अनुमान यांच्या मर्यादांची सविस्तर चर्चा केली, ती उगीच नव्हे. ज्यांचा इतिहास नाकारला जातो त्यांच्या एका चुकीच्या विधानाबरोबर त्यांची दहा खरी विधानेही फेटाळली जातात. आपल्याला ही चैन परवडणारी नाही.

पुढच्या रविवारी तो विद्यार्थी पुस्तिका न आणता वही घेऊन आला, आणि कोंडाण्याला केव्हा जावयाचे असे त्याने विचारले. पाऊस सरल्यावर आम्ही गेलो. बलकाच्या लेखातील अक्षरे झिजली आहेत. ती वाचण्यास त्याला बराच वेळ लागला. त्याने ती स्वतःच वाचली.