शिंगरू सारखं धडपडतंय? कारण आईबापाच्या जनुकात असू शकतं

मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबा यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. निलंग्याहून तिथं गेलेला माणूसही आधी रंग, दात, भोवरे आणि चाल बघतो. पण काही आजार यातल्या कशातच दिसत नाहीत.

कोणते आजार?

अरबी घोड्यांत मेंदूचे दोन आनुवंशिक आजार आढळतात.

सेरेबेलर ॲबायोट्रॉफी : तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूतल्या पेशी मरतात. शिंगरू जन्मतः ठणठणीत असतं. बहुतेकदा दीड ते चार महिन्यांत डोकं थरथरू लागतं, पाय नको तितके उंच पडतात, डोळ्यापुढे हात नेला तरी पापणी लवत नाही. उपचार नाही. जनावर जगू शकतं, पण पडण्याचा धोका असल्यानं स्वारीसाठी सुरक्षित नसतं.

लॅव्हेंडर फोल सिंड्रोम : अंगावर फिकट जांभळट-राखाडी झाक असते. शिंगरू उभं राहू शकत नाही, मान मागे ताणली जाते, झटके येतात. ते फार दिवस जगत नाही.

आईबाप धडधाकट, मग आजार कुठून?

दोष दोघांकडूनही आला तरच आजार होतो. एकाच बाजूनं आला तर घोडा फक्त वाहक असतो, त्याला काहीच त्रास नसतो. दोन वाहकांची जोडी लावली, तर प्रत्येक वेळी शिंगरू आजारी निघण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहक आणि निर्दोष अशी जोडी असेल, तर शिंगरू आजारी होत नाही. म्हणून वाहक घोडी टाकाऊ ठरत नाही.

चाचणी कशी होते?

आयाळीचे किंवा शेपटीचे केस मुळासकट उपटून प्रयोगशाळेत पाठवतात. कापलेले केस चालत नाहीत, कारण डीएनए मुळाशी असतो. अरबी रक्ताच्या घोड्यांत जोडी लावण्याआधीच ही चाचणी करणं फायद्याचं.

हे लक्षात ठेवा

अडखळणारं प्रत्येक शिंगरू आनुवंशिक रुग्ण नसतं. धनुर्वात, सर्रा किंवा डोक्याला लागलेला मार यांतही तोल जातो, आणि तिथं वेळेवर उपचार मिळाले तर जीव वाचू शकतो. त्यामुळे आधी पशुवैद्यक गाठा. शिंगरू घेताना मात्र त्याला चालवून, वळवून, मागे सरकवून बघा आणि आईबापाची चौकशी करा.