ताठ हाताची भीती

सेरेब्रल पाल्सीमध्ये काही मुलांची शरीराची एकच बाजू अधू असते. मग त्या हाताला ताकदीचे व्यायाम द्यायचे ना? कित्येक वर्षं उत्तर होतं, नको!

नाझींपासून वाचून लंडनला आलेल्या बर्टा आणि कारेल बोबाथ या जोडप्याने १९४०च्या दशकात एक उपचारपद्धती उभी केली. जोर लावला की स्नायू आणखी ताठरतात, असं त्यात मानलं जाई. ते जगभर पसरलं.

१९९०च्या दशकात अमेरिकेत डायान डॅमियानो यांनी मुलांच्या पायांना वजनं लावून व्यायाम दिले. ताकद वाढली, ताठरपणा नाही! मग हातांचीही पाळी आली.

हात ताठ होताच, पण दुबळाही होता. भीतीपोटी ते दुबळेपण तसंच राहून गेलं.