सहायकाची नोंद: म्हैसूर ते महादेवपुरा

बेंगळुरूच्या महादेवपुऱ्यात आज बाह्य वळण रस्त्यापासून व्हाइटफील्डच्या दिशेने निघालं की दुकानांच्या वरच्या मजल्यांवर स्पीच थेरपीच्या पाट्या दिसत राहतात. २००७ साली हा भाग महानगरपालिकेत आला. त्याआधी त्याची स्वतःची नगरपालिका होती आणि आजूबाजूला तळी आणि शेतं होती. आयटी कंपन्यांबरोबर पुण्याहून, नागपूरहून, कोल्हापूरहून तरुण मराठी जोडपी इथे आली, स्थिरावली, त्यांना मुलं झाली. अडीच-तीन वर्षांचं मूल बोलत नाही म्हणून काळजीत पडलेले आईबाप इथे जिना चढून वर जातात. पहिल्या दिवशी थेरपिस्ट भेटते, तपासणी होते, फाइल तयार होते. पुढे आठवड्यातून दोन-तीनदा मुलासमोर बसणारी व्यक्ती मात्र पुष्कळदा वेगळी असते. ती सहायक असते. तिचं शिक्षण काय, तिला हे काम करायची परवानगी कोणी दिली आणि तिच्या कामाला जबाबदार कोण, हे फार थोडे पालक विचारतात. या प्रश्नांची उत्तरं देणारी व्यवस्था आपल्याकडे आहे. ती उभी राहायला तीस-चाळीस वर्षं लागली, आणि तिची सुरुवात महादेवपुऱ्यापासून दीडशे किलोमीटरच्या आसपास असलेल्या म्हैसूरला झाली.

९ ऑगस्ट १९६५ रोजी म्हैसूरला ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ लोगोपेडिक्स या नावाने संस्था सुरू झाली. पुढच्याच वर्षी ती स्वायत्त झाली आणि तिला आजचं नाव मिळालं: अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था. जवळची माणसं तिला नुसतं ‘आयिश’ म्हणतात. १९६६च्या जुलैत राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते मानसगंगोत्रीच्या परिसरात इमारतीची कोनशिला बसली. त्याच सुमारास मुंबईत नायर रुग्णालयात श्रवण आणि वाचा उपचारांचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. आजच्या तरुण थेरपिस्टच्या शिक्षकांचे शिक्षक बहुतेक या दोन घरांतून आलेले आहेत.

त्या काळात सगळा भर तज्ज्ञ घडवण्यावर होता, आणि ते योग्यच होतं. नवी विद्या रुजवायची तर आधी शिकवणारे हवेत. पण पदवीधर झालेले लोक मोठ्या शहरांत राहिले, बरेच परदेशी गेले. जिल्ह्याच्या रुग्णालयात, तालुक्याच्या शाळेत जाणारं कोणी उरलं नाही. ही पोकळी एका वर्षाच्या पदविकेने भरायचं ठरलं. डिप्लोमा इन हिअरिंग, लँग्वेज अँड स्पीच, म्हणजे डीएचएलएस. बारावीनंतर एक शैक्षणिक वर्ष. त्यात कानाची आणि स्वरयंत्राची रचना, श्रवणाची प्राथमिक चाचणी, श्रवणयंत्राची देखभाल, आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखाली भाषा व उच्चारांचा सराव घेणं हे सगळं येतं. चार वर्षांच्या पदवीशी (तीन वर्षं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप) त्याची बरोबरी होत नाही आणि कोणी ती करूही नये. मधल्या फळीतला माणूस तयार करण्यासाठीच हा अभ्यासक्रम बेतलेला आहे.

महाराष्ट्राच्या बाजूने या प्रवासात वांद्र्याची संस्था येते. १९८३ साली, योगायोगाने ९ ऑगस्टलाच, वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय श्रवण विकलांग संस्था स्थापन झाली. राज्यपालपदावर असतानाच १९७६ मध्ये निवर्तलेल्या अली यावर जंग यांचं नाव तिला दिलं गेलं. पश्चिम द्रुतगती महामार्गालाही त्यांचंच नाव आहे. कोलकाता, दिल्ली, सिकंदराबाद इथे तिची केंद्रं निघाली. मुंबईच्या बाहेरून मूल घेऊन आलेल्या कितीतरी मराठी आईबापांना ‘वांद्र्याला दाखवा’ एवढाच पत्ता सांगितलेला असतो आणि तेवढा पुरतोही.

शिकवणारे होते, शिकलेले होते, पण कायदा नव्हता. कुणीही पाटी लावावी आणि उपचार सुरू करावेत अशी स्थिती होती. १९८६ मध्ये भारतीय पुनर्वसन परिषद एक नोंदणीकृत संस्था म्हणून सुरू झाली. १९९२ साली संसदेने तिचा कायदा केला आणि २२ जून १९९३ पासून ती वैधानिक परिषद झाली. २००० साली दुरुस्ती होऊन तिच्या कामाची व्याप्ती वाढली. या कायद्याने देशाला केंद्रीय पुनर्वसन नोंदवही दिली. कायद्याच्या तेराव्या कलमाप्रमाणे मान्यताप्राप्त पात्रता नसलेल्या आणि या नोंदवहीत नाव नसलेल्या माणसाला पुनर्वसन व्यावसायिक म्हणून भारतात कुठेही काम करता येत नाही. मूळ कायद्यात त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे.

या नोंदवहीची मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अशी की तिने सहायकाला बाहेर ठेवलं नाही. पदविकाधारकाचं नावही तिच्यात चढतं, त्याला स्वतःचा क्रमांक मिळतो, तो ठरावीक मुदतीने नूतनीकृत करावा लागतो आणि त्यासाठी मधल्या काळात प्रशिक्षणं करून गुण मिळवावे लागतात. म्हणजे सहायक हा तज्ज्ञाच्या मर्जीवरचा मदतनीस राहत नाही. त्याचं काम कायद्याने ओळखलेलं आहे, आणि कायद्यानेच त्याची हद्दही आखलेली आहे.

गरज किती मोठी आहे हे २०११च्या जनगणनेने दाखवलं. देशात वाचादोष असलेल्या सुमारे २० लाख व्यक्तींची नोंद झाली. त्यांतल्या ४ लाख ७३ हजारांहून अधिक एकट्या महाराष्ट्रातल्या होत्या. त्याआधीच, २००६-०७ मध्ये, राष्ट्रीय बहिरेपणा प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला होता आणि जिल्हा रुग्णालयांना श्रवणचाचणी घेणारे सहायक हवे होते. तेव्हा आयिशने डीएचएलएस दूरस्थ पद्धतीने न्यायचं ठरवलं. म्हैसूरचे प्राध्यापक थेट दृक्‌श्राव्य जोडणीवरून शिकवत, विद्यार्थी आपल्याच राज्यातल्या केंद्रावर बसून ऐकत, आणि प्रत्यक्ष रुग्णांसोबतचं काम तिथल्या रुग्णालयात चाले. २०१३च्या फेब्रुवारीत पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात झाली. ऐकू न येणं आणि भाषाविकासात मागे पडणं या दोन्ही गोष्टी त्याच्या तपासणीत आल्या. गावोगावची मुलं शोधली जाऊ लागली आणि सहायकांची निकड आणखी वाढली.

आता या सहायकाचं काम जवळून पाहू. चार वर्षांचा मुलगा ‘काका’ला ‘ताता’ म्हणतो, ‘गाडी’ची ‘दादी’ करतो. जिभेचा मागचा भाग टाळूला लागायला हवा, तिथे जिभेचं टोक दातांना लागतं. थेरपिस्टने तपासणी करून ठरवलेलं असतं की आधी ‘क’ आणि ‘त’ हे दोन आवाज त्याला नुसते ऐकून वेगळे ओळखता यावेत, मग एकटा ‘क’, मग अक्षर, मग शब्द. सहायक बुटक्या टेबलाशी मुलाच्या समोर बसते, आरसा मध्ये ठेवते, चित्रांची कार्डं उलटी मांडते. प्रत्येक प्रयत्नाला फाइलमध्ये खूण करते: बरोबर, चूक, मदतीने बरोबर. अशा वीस खुणांवरून थेरपिस्टला कळतं की पुढच्या पायरीवर जायचं की याच पायरीवर थांबायचं. हे काम कंटाळवाणं दिसतं. त्यासाठी लागणारा धीर आणि नेमकेपणा ज्यांनी पाहिला आहे ते त्याला हलकं म्हणणार नाहीत.

निदान करणं, उपचारांची आखणी बदलणं, अहवालावर सही करणं, ‘हा कधी बोलेल’ याचं भाकीत पालकांना सांगणं हे तिच्या हद्दीबाहेर आहे. ही हद्द महादेवपुऱ्यासारख्या ठिकाणी फार महत्त्वाची ठरते. इथल्या मराठी मुलाच्या कानावर घरात मराठी, शाळेत इंग्रजी, लिफ्टमध्ये हिंदी आणि रस्त्यावर कन्नड पडते. मूल उशिरा बोलू लागलं की कुणीतरी सहज सांगून जातं, घरात मराठी बंद करा, एकच भाषा ठेवा. ओळखीच्या घरांतून मी हे ऐकलं आहे. आजी नातवाशी मोडक्या इंग्रजीत बोलू लागते आणि मग हळूहळू बोलायचीच थांबते. दोन भाषा कानावर पडल्याने वाचादोष होत नाही, ही गोष्ट या शास्त्रात आता वादाची राहिलेली नाही. उलट आईबापांना सहज येणारी भाषा हेच मुलाशी सर्वांत जास्त आणि सर्वांत सकस बोलण्याचं साधन असतं. घरची भाषा बदलण्याचा सल्ला एका कुटुंबाचं सगळं बोलणं बदलून टाकतो. तो कोण देतो याला म्हणूनच महत्त्व आहे. तपासणी न केलेल्या माणसाने तो देऊ नये, आणि नोंद नसलेल्याने तर मुळीच नाही.

अमेरिकेत गेलेल्या मराठी कुटुंबांना हाच विषय वेगळ्या रूपात भेटतो. तिथे सहायकाचे नियम राज्याराज्यांत निराळे आहेत. कुठे परवाना, कुठे नोंदणी. तिथल्या वाचा-श्रवण तज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने, ‘आशा’ने, २०२० साली सहायकांसाठी ऐच्छिक प्रमाणपत्र सुरू केलं. त्याला ठरावीक शिक्षण, परीक्षा आणि किमान १०० तासांचं क्षेत्रकार्य लागतं, त्यातले ८० तास प्रत्यक्ष रुग्णांसोबत. आपली नोंदवही देशभर एकच आहे, ही मला आपली जमेची बाजू वाटते. पुण्यात पदविका घेतलेली मुलगी लग्नानंतर बेंगळुरूला आली तर तिचा क्रमांक तिच्याबरोबर येतो.

उणीव आहे ती अंमलबजावणीत. १९९२ च्या कायद्यात लिहिलेला हजार रुपयांचा दंड आज एखाद्या महागड्या केंद्रातल्या एका बैठकीच्या शुल्काएवढाही होणार नाही. २०२१ मध्ये संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला, पण वाचा आणि श्रवण क्षेत्र पुनर्वसन परिषदेकडेच राहिलं. म्हणजे सुधारणा व्हायची ती तिथूनच व्हायला हवी. दर सहायकामागे देखरेख करणारा तज्ज्ञ कोण, हे केंद्राच्या दर्शनी भागात लिहिणं सक्तीचं करता येईल. मराठीत सराव घेऊ शकणाऱ्या सहायकांची तर महाराष्ट्राबाहेर फारच वानवा आहे. कन्नड येणारी आणि मराठीही बोलणारी मुलं बेळगाव, बिदरच्या पट्ट्यात घरोघर आहेत. त्यांतल्या काहींनी बारावीनंतर हे एक वर्ष दिलं तर बेंगळुरूच्या मराठी घरांना त्यांचा फार मोठा उपयोग होईल, आणि त्यांनाही मानाचं काम मिळेल.

तोवर पालकांच्या हातात एक गोष्ट आहे. नोंदवही सर्वांना खुली आहे. परिषदेच्या संकेतस्थळावर नाव किंवा क्रमांक घालून पाहता येतो. थेरपिस्टचा बघावा, तसाच सहायकाचाही बघावा. क्रमांक विचारल्याने कुणाचा अपमान होत नाही. ज्यांनी तो कष्टाने मिळवला आहे ते आनंदाने सांगतात, बहुतेकांनी तो भिंतीवर लावलेलाही असतो. मुदत संपलेली नाही ना आणि कोणत्या पात्रतेवर नोंद झाली आहे, या दोन गोष्टी तिथे वाचाव्यात. मग आपल्या मुलाच्या उपचारांची आखणी कोण करतं आणि ती महिन्यातून किती वेळा तपासली जाते, हे पहिल्याच बैठकीत विचारून घ्यावं.